चौथा चेंडू

हारमन क्रेबिलनं चेंडूवर पचकन तंबाखू थुंकली, फलंदाजापुढे जमिनीत बसवलेल्या पाटीशेजारची चिमूटभर माती घेऊन तो हातमोज्यात चांगला मळला आणि गोलंदाजाकडे परत फेकला. दुपारी खोक्यातून काढला तेव्हा चेंडू पांढराशुभ्र होता. आता आठव्या डावात त्याचा पार जळका बटाटा झाला होता. यात गैर असं काही नव्हतं. एक सामना, एक चेंडू, हीच बेसबॉलची तेव्हाची रीत. प्रेक्षकांत गेलेला चेंडूसुद्धा लोकांच्या हातापाया पडून परत आणायचे.

क्रेबिल हा केलर्सविलचा, म्हणजे पाहुण्या संघाचा, कॅचर. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं, येईल तो चेंडू पकडायचा, आणि फलंदाजाचं डोकं फिरेपर्यंत त्याच्या कानाशी बडबडत राहायचं, हे त्याचं काम. यातलं शेवटचं काम तो अगदी मन लावून करायचा.

"या, जजसाहेब," तो म्हणाला. "कोर्ट भरलंय. आपल्यावाचून अडलंय सगळं."

ब्रॅडनरचा फलंदाज ओवेन प्रॉसर पाटीपाशी उभा राहिला. त्यानं बुटानं माती सारखी केली, बॅट खांद्यावर घेतली. स्टँडमध्ये लोक सरसावून बसले. ब्रॅडनर गावात लांब फटके मारणारे पुष्कळ होते, लोक त्यांना दारू पाजायचे. पण ज्यांना खेळ कळत होता ते प्रॉसर आला की पाइप तोंडातून काढून बघायचे.

त्याचं सगळं कसब न मारण्यात होतं. चेंडू पाटीवरून, गुडघा आणि खांदा यांच्या मधून गेला आणि फलंदाजानं सोडला, तर स्ट्राइक. मारायला जाऊन चुकला तरी स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाल्या की आपल्या बाकावर जाऊन बसायचं. पण सोडलेला चेंडू पाटीवरून गेलाच नसेल तर तो बाहेरचा, आणि असे चार झाले की फलंदाजानं फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर, चालत जायचं. प्रॉसरनं अकरा वर्षं या फुकटावर काढली. खुंटासारखा उभा राहायचा, चेंडू अंगावरून जाऊ द्यायचा, आणि मान न हलवता हळूच म्हणायचा, "बाहेर." मागून पंच म्हणायचा, "बाहेर." मग आख्खा स्टँड ओरडायचा. शेजारच्या गावांतली माणसं तेवढं ऐकायला गाडीभाडं खर्चून यायची. जजनं सोडला म्हणजे बाहेरचाच असणार, असं जुने पंच नव्या पंचांना शिकवायचे. जज हे नाव त्याला असं पडलं.

आणि या जजला गेले दोन उन्हाळे धड दिसत नव्हतं.

पहिल्या एकदोन डावांत, चेंडू पांढरा असला की, निभायचं. अर्ध्या वाटेवर एक फिकट ठिपका दिसायचा आणि बाकीचं काम सवय करायची. पुढं चेंडू मळला, की त्याला फक्त गोलंदाजाचा खांदा फिरलेला कळायचा आणि कॅचरच्या हातमोज्यात बसलेली थाप ऐकू यायची. मधलं सगळं अंदाजपंचे. तरी तो तितक्याच शांतपणे "बाहेर" म्हणायचा, आणि पंच म्हणायचे, "बाहेर." हे त्यानं कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला, ग्वेनलासुद्धा नाही. घरात सारखी वात मोठी करतो म्हणून ती करवादायची, तेवढंच.

मघाशी बाकावरून उठताना स्लॅटरीनं त्याची बाही धरली होती. स्लॅटरी हा संघाचा मॅनेजर. संघ पोलादाच्या गिरणीचा, आणि गिरणी म्हणजे इव्हर्सन साहेब.

"साहेब आलेत," स्लॅटरी म्हणाला. "पुढच्या वर्षी कोणाला ठेवायचं ते आज ठरवणार आहेत. तुझं नाव काढलं होतं त्यांनी. म्हणाले, हा नुसता उभा राहण्याचा पगार घेतो का?"

"पहिल्या डावात गेलो होतो की बेसवर."

"तेव्हा ते जेवत होते." स्लॅटरीनं बाही सोडली. "हे बघ प्रॉसर, पाणी गळ्याशी आलंय म्हणून सांगतोय. साहेबांच्या डोळ्यांदेखत बेसवर जा. चालत जा, रांगत जा, कसाही जा. नाहीतर मग भट्टी आहेच."

संघातून काढलेल्या माणसाला गिरणी उपाशी मारत नसे, भट्टीवर घेत असे. गावात याला उपकार म्हणायचे. प्रॉसरचा बाप दोन नंबरच्या भट्टीवर होता. तिथं पाऊल टाकताना खाली बघावं लागतं, आणि म्हाताऱ्याची नजर चांगली तीक्ष्ण होती. तरी एकदा चुकलाच. शवपेटीत घालायला फारसं काही मिळालं नव्हतं. धड न दिसणाऱ्या माणसाचं तिथं काय होईल, हे प्रॉसरला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

एवढ्यात गिरणीच्या धुरांड्यांनी रोजच्यासारखा धूर सोडला. तो मैदानावर उतरला आणि चार वाजताच दिवेलागण झाल्यासारखं वाटायला लागलं.

टूहीनं, केलर्सविलच्या उंचाड्या गोलंदाजानं, पहिला चेंडू टाकला. तो पाटीच्या अलीकडेच मातीत आपटला. आवाजावरून शेंबड्या पोरानंही ओळखला असता.

"बाहेर," प्रॉसर म्हणाला.

"बाहेर," कॅचरच्या मागून लूथर गॅम्बल म्हणाला.

"बाहेर!" लोक ओरडले.

लूथर गॅम्बल हा पंच. त्या काळी सामन्याला एकच पंच असे. लूथर आणि प्रॉसर एकाच वर्षी या मैदानावर आले. सामना संपल्यावर लूथर कधीमधी प्रॉसरच्या घरी सूप प्यायला यायचा, ग्वेनला आपल्या गुडघ्यांची दुखणी सांगत बसायचा. मैदानावर मात्र ओळख दाखवायचा नाही. प्रॉसरला त्याचा हा सचोटीचा स्वभाव आवडायचा. आपल्या शब्दाला लूथर मान देतो तो खेळ कळतो म्हणून, मैत्रीपोटी नव्हे, असं तो ग्वेनला अभिमानानं सांगायचा.

दुसरा चेंडू आला. थाप ऐकू आली, जरा उंचावर.

"वर."

"वर. बाहेर," लूथर म्हणाला.

तिसरा कुठून गेला ते प्रॉसरला कळलंच नाही. थाप अगदी मधोमध वाजल्यासारखी वाटली. तरी त्यानं आवाज हलू दिला नाही.

"बाहेर."

"बाहेर," लूथर म्हणाला.

क्रेबिलनं हातमोजा होता तिथंच, पाटीच्या बरोबर मधोमध, धरून ठेवला. तो हातमोज्याकडे बघत होता. मग त्यानं मान वर करून प्रॉसरकडे बघितलं, मग मागं वळून लूथरकडे. तक्रार केली नाही. जुलैमध्येही असंच एकदा झालं होतं, आणि तेव्हापासून तो विचार करत होता.

"वा," तो म्हणाला. "काय नजर आहे, जजसाहेब. मला तर मेलं हल्ली दिसतच नाही नीट."

"खेळ, हारमन."

"खेळतोय की. घरी कसं काय? वहिनी बऱ्या आहेत? दाढी त्याच करून देतात वाटतं. कानाखाली राहिलेत बघा केस."

प्रॉसरचा हात कानाकडे गेला. क्रेबिल हसला, उठला, आणि सावकाश चालत टूहीकडे गेला. त्याच्या खांद्यावर हात टाकून काहीतरी बोलला. टूही आधी नाही नाही म्हणत होता, मग तोही हसायला लागला. लोक ओरडत होते. तीन झाले होते, चौथा व्हायचा होता. इव्हर्सन साहेब पुढच्या रांगेत छडीवर हनुवटी टेकून बसले होते.

क्रेबिल परत येऊन बसला. टूहीनं दोन्ही हात डोक्यावर नेले, पाय उचलला, गर्रकन वळून हात झोकला. क्रेबिल उजवीकडे झेपावला. हातमोज्यात फाडकन थाप वाजली.

"बाहेर," प्रॉसर म्हणाला.

"बाहेर," लूथर म्हणाला, पण तोवर लोकांनी एवढा गलका केला होता की तो पाटीपलीकडे कोणाला ऐकू गेला नाही.

प्रॉसरनं बॅट खाली ठेवली, टोपी सारखी केली आणि पहिल्या बेसकडे निघाला. तो कधी धावत जायचा नाही. चर्चमधून बाहेर पडणाऱ्या माणसासारखा जायचा. आज तर त्याच्या छातीवरचा दगड उतरला होता. अर्ध्या वाटेत त्याला जाणवलं, की मागचा गलका थांबलाय.

टूही मैदानाच्या मध्यात हात वर करून उभा होता. हातात चेंडू होता.

क्रेबिलनं उभं राहून हातमोजा उघडला, उलटा केला, झटकला. माती पडली. थाप त्यानं स्वतःच्याच मुठीनं मारली होती.

आधी केलर्सविलचा बाक हसला. मग स्टँडच्या टोकाला कोणीतरी हसलं. बाकीचे गप्पच होते, कारण ते स्वतः नुकतेच घसा फोडून ओरडले होते. न टाकलेला चेंडू तीनेकशे माणसांनी बाहेर जाताना बघितला होता. धुरात तो कोणालाच दिसणं शक्य नव्हतं, आणि एवढं कबूल केलं असतं तर प्रकरण हसण्यावारी गेलं असतं. पण आपण फसलो हे कबूल करण्यापेक्षा आपल्याला फसवलं असं म्हणणं सोपं असतं. पहिली शिवी ब्रॅडनरच्याच माणसानं दिली.

"थेरड्या, इतकी वर्षं हेच करतोयस काय रे?"

"आंधळा आहे तो. जज आंधळा आहे."

मग सगळ्यांनाच वाचा फुटली. प्रॉसर पाटी आणि पहिला बेस यांच्या मध्ये उभा होता. पुढं जावं की मागं, हे कोणीतरी सांगेल म्हणून तो लूथरकडे बघत होता, म्हणजे लूथरच्या काळ्या कोटाचा डाग जिथं होता तिकडे.

"लूथर," क्रेबिल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "याला बेसवर तू पाठवलंस का?"

लूथरनं खिशातून छोटा ब्रश काढला आणि वाकून पाटी झाडायला लागला. पाटी स्वच्छच होती.

"मी काही बोललोच नाही," तो म्हणाला. "तो बोलला. लोक बोलले. मी चेंडूची वाट बघत होतो."

क्रेबिल त्याच्या शेजारी वाकला. हे मात्र त्यानं हळू आवाजात, जवळजवळ प्रेमानं सांगितलं.

"मला ऐकू आलं, लूथर."

लूथरचा ब्रश क्षणभर थांबला. मग तो सरळ उभा राहिला आणि हात हलवून मोठ्यानं म्हणाला, "प्रॉसर, मागं ये. तीनच झालेत."

भांडायला जागा होती. टाकायचं सोंग करून चेंडू न टाकणं नियमात बसत नाही, हे स्लॅटरीला पाठ होतं. एरवी यापेक्षा किरकोळ गोष्टीवरून त्यानं पंचाच्या टोपीवर थुंकायला कमी केलं नव्हतं. पण इव्हर्सन साहेब हसत होते. छडी गुडघ्यांत धरून, डोळे पुसत हसत होते. स्लॅटरी बाकावरून उठला नाही. तोही थोडा हसला.

प्रॉसर परत आला. बॅट शोधायला त्याला खाली वाकून हात फिरवावा लागला आणि लोकांनी त्याचंही हसू केलं. बॅट क्रेबिलनंच त्याच्या हातात दिली.

"हे घ्या. इकडे तोंड करा. हां, बरोबर. गोलंदाज तिकडे आहे, तो उंच."

टूहीनं टाकला. थाप पाटीच्या कडेला वाजली. प्रॉसरला तो बाहेरचा वाटला, मनापासून वाटला.

"बाहेर," तो म्हणाला. सवयच होती.

मागं काहीच आवाज झाला नाही. मग लूथर ओरडला, "स्ट्राइक!" एवढ्या मोठ्यानं तो आजवर कधी ओरडला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याच माणसाविरुद्धच्या स्ट्राइकला ब्रॅडनरनं टाळ्या वाजवल्याचं मला दुसरं उदाहरण माहीत नाही.

पुढच्या चेंडूला प्रॉसर काही बोलला नाही. ओठ घट्ट मिटून उभा राहिला. पुन्हा लूथर ओरडला, "स्ट्राइक!"

"काय हे, जजसाहेब," क्रेबिल म्हणाला. "निकाल द्यायचं सोडलं?"

आता तीन बाहेरचे होते आणि दोन स्ट्राइक. एकच चेंडू उरला होता. प्रॉसरच्या मानेवरून घामाची धार चालली होती. उभं राहून भागणार नाही हे त्याला कळून चुकलं. तो सोडेल तो प्रत्येक चेंडू आता लूथर आत घेणार होता. लोकांना तेच हवं होतं, साहेबांना तेच हवं होतं. बेसवर जायचा एकच रस्ता राहिला होता, आणि तो त्यानं अकरा वर्षं टाळला होता. त्यानं बॅटवरची पकड बदलली.

टूही अजून हसत होता. हसताहसताच त्यानं हात फिरवला आणि चेंडू त्याच्या बोटांतून निसटला. क्रेबिलला उठून, दोन ढांगा टाकून, उघड्या हातानं तो अडवावा लागला. चांगला हातभर बाहेर होता. शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसला, धुरात दिसला, दारू प्यायलेल्याला दिसला. एवढ्या लांबच्या चेंडूला स्ट्राइक म्हणायची लूथरचीच काय, कोणत्याही पंचाची छाती झाली नसती.

प्रॉसरनं बॅट फिरवली. होती नव्हती ती सगळी ताकद लावून फिरवली, तोल जाऊन गुडघ्यावर आला, आणि टोपी पाटीवर पडली.

हसण्याचा लोंढा मैदानभर पसरला. तो ओसरेपर्यंत प्रॉसर तसाच गुडघ्यावर होता. क्रेबिलनं त्याची टोपी उचलली, धूळ झटकली आणि त्याच्या डोक्यावर घातली.

"बाहेर होता, जजसाहेब," तो म्हणाला. "तुमचा चौथा. नुसते उभे राहिला असतात तर बेसवर असतात."

प्रॉसर गुडघ्यावरून उठला.

"खरंच बाहेर होता?" त्यानं विचारलं.

 क्रेबिल जाऊन आपल्या जागी बसला.

प्रॉसर बाकावर आला. संघातली मुलं सरकली आणि त्याला नेहमीपेक्षा जास्तच जागा करून दिली. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. स्टँडच्या पुढच्या रांगेत इव्हर्सन साहेब उठून हातमोजे चढवत होते, आणि स्लॅटरी टोपी हातात घेऊन त्यांच्यापाशी मान डोलावत होता. बोलणं थोडक्यात आटोपलं.

मैदानावर पुढचा फलंदाज उभा राहिला होता. टूहीनं टाकला. हातमोज्यात थाप वाजली आणि मग काहीच ऐकू आलं नाही. पंच काही बोलेना. प्रॉसरनं मान वर केली. दिसत त्याला काही नव्हतं, पण ती जागा त्याच्या ओळखीची होती. चेंडू आणि निकाल यांच्या मधली ती एवढीशी फट अकरा वर्षं त्यानं स्वतः भरली होती. आज ती उघडी पडली होती, आणि लूथर तिच्यात थांबून होता.

"आत," क्रेबिल हळूच म्हणाला.

"स्ट्राइक," लूथर म्हणाला.

फलंदाज वळून म्हणाला की काहीतरीच काय, हा तर कानावरून गेला. लूथरनं त्याला गप्प केलं. पुढचा चेंडू आला. पुन्हा तीच फट.

"आत," क्रेबिल म्हणाला.

"स्ट्राइक."

प्रॉसरचे हात गुडघ्यांवर होते. ते त्यानं एकात एक गुंतवले. सूप प्यायला आलेला लूथर दारातल्या पायरीवर नेहमी हात टेकवून, चाचपून चढायचा. ग्वेन म्हणायची, गुडघे गेलेत बिचाऱ्याचे.

स्लॅटरी परत आला आणि त्याच्याशेजारी बसला. त्यानं तंबाखूची नवी गोळी तोंडात टाकली.

"स्लॅटरी," प्रॉसर म्हणाला, "लूथरला दिसत नाही."

"काय?"

"त्याला दिसत नाही. इतकी वर्षं तो माझंच ऐकून बोलत होता. आता क्रेबिलचं ऐकतोय. तू नीट ऐक, तुलाही कळेल. आपण सामना हरतोय त्याच्यापायी."

स्लॅटरी मैदानाकडे बघत चघळत राहिला.

"अरे वा," तो म्हणाला. "तुला दिसत नाही म्हणून आता पंचही आंधळा, काय?"

"देवाशपथ सांगतो."

"सांग की. साहेबांना जाऊन सांग, अजून फाटकापर्यंत पोचले नसतील. म्हणावं, साहेब, मला दिसलं की त्याला दिसत नाही." बाकाच्या टोकाला कोणीतरी फिस्सकन हसलं. त्यामुळे स्लॅटरीला अजून चेव आला, आणि मग त्याचं त्यालाच जरा वाईट वाटलं असावं. त्यानं आवाज उतरवला. "जाऊ दे, प्रॉसर. शर्ट धुऊन परत दे. सोमवारी सकाळी दोन नंबरवर हजर राहा. मुकादमाला निरोप गेलाय."

समोर तिसरी स्ट्राइक झाली आणि फलंदाज बॅट आपटत परत आला. स्लॅटरीनं प्रॉसरच्या पाठीवर हात ठेवला. समजूत घालायचं काम त्याला कधी जमलं नव्हतं, तरी त्यानं घातली.

"भट्टीवर तुला सोपंच जाईल," तो म्हणाला. "उजेड भरपूर असतो तिथं."